माझ्या मापाची क्रँक

बाप गेल्यावर दादाने होडी घेतली आणि मला सायकल दिली. हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा बोललो आहे की बोईसरला माझ्या सायकलच्या दुकानात रोज येऊन बसणारे म्हातारे मी तोंड उघडल्याबरोबर ते पुरं करतात. करोत बापडे. वाटणी झाली ती अशीच झाली. ती मला तेव्हा पटली नव्हती आणि आजही पटलेली नाही. दादाचं म्हणणं असं की मला होडी लागते, काठ सुटायच्या आत मी ओकायला सुरुवात करतो, मग होडीत हिस्सा घेऊन मी करणार काय. होडी लागते हे खरं होतं. पण ज्याला होडी लागते त्याचा होडीतला हिस्सा बुडतो, हा कायदा कुणी केला, असं मी त्याला चारचौघांत विचारलं. त्यावर त्याने सायकलच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि जाळं दुरुस्त करायला निघून गेला. मी जे काही कमावलं ते पुढे त्याच सायकलमुळे, हे मला कळतं. पण म्हणून माझा राग कमी झालेला नाही. फक्त त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं, आणि हे प्रकरण त्या दुसऱ्याबद्दल आहे.

आमचं घर घिवलीला, दर्यापासून हाकेच्या अंतरावर. घराच्या मागे वलांडी होती. वलांडी म्हणजे खांब रोवून त्यांच्यामध्ये आडवे बांबू आणि दोऱ्या बांधलेला मांडव. त्यावर ओले बोंबील जोडीजोडीने, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून वाळत टाकायचे. माझी सकाळ त्या आवाजाने व्हायची: ओल्या मासळीची चटचट, वैनीच्या बांगड्या, आणि आय कावळ्यांना देत असलेल्या शिव्या. वैनी म्हणजे दादाची बायको, हिरा. माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती, उंचीने तर माझ्याएवढीच, पण घरात आल्यापासून ती मला भावजी म्हणायची आणि आयने नाही म्हटलेलं सगळं मी तिच्याकडून मिळवायचो. कामावर जाताना ती मला तांदळाची भाकर आणि कांद्यावर परतलेला जवळा बांधून द्यायची, फडक्याला चिंचेचा वास. आता डॉक्टरने माझं मीठ काढून घेतलंय, म्हणूनही असेल, पण तसा जवळा पुन्हा कुणाच्या हातून झाला नाही. माझ्या बायकोने हे वाचलं तर तिने वाचावं, तिलाही ते ठाऊक आहे.

काम होतं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, सूत रंगवायच्या एका कारखान्यात. तात्पुरतं घेतलं होतं. पावसाळा निघेपर्यंत नीट टिकलास तर कायम करू, असं सुपरवायझरने सांगितलं होतं. दादाने मात्र आपला हिशेब वेगळा मांडला होता. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. नारळी पुनवेला त्या पुन्हा पाण्यात जातात. त्या दिवशी मी त्याच्या होडीवर खलाशी म्हणून चढणार, हे त्याने सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं. "कारखाना त्याला तवर हाकलतोय बगा," म्हणायचा. हिस्सेदार म्हणून बोलावलं असतं तर ओकत का होईना, गेलो असतो. पण बापाच्या होडीवर भावाचा नोकर म्हणून जायचं, आणि तेही फळी धरून आतडी बाहेर काढत, यापेक्षा मला रंगाच्या वाफेत उभं राहणं कबूल होतं. म्हणजे कारखान्यात टिकणं हा माझ्यापुढे एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्याने रोज सायकलवरूनच जायचं होतं.

सायकल बापाच्या मापाची होती. बाप उंच, दादा त्याच्यावर गेलेला. मी आयच्या माहेरावर गेलो. बसलो की मी दादाएवढाच दिसायचो, उभा राहिलो की त्याच्या खांद्याखाली. जे काही कमी होतं ते सगळं पायांत कमी होतं. सीट अगदी दांडीला टेकेपर्यंत खाली केली तरी खालच्या पायडलला माझा फक्त पंजा पुरायचा, टाच नाही. तेव्हा मी केलं ते आमच्या गावातलाच माणूस करील. जाळ्याला लावायचे जुने लाकडी बोये पडले होते, ज्यांनी जाळं पाण्यावर तरंगतं ते. त्यातले दोन फोडून सपाट केले आणि सुतळीने दोन्ही पायडलांवर आवळून बांधले. पाय पुरले. मी खूश झालो. आळीतली माणसं म्हणाली, आता सायकल खाडीत पडली तरी बुडायची नाही.

होळी झाली आणि माझा उजवा गुडघा बोलायला लागला. आधी जिना चढताना, मग बसून उठताना, मग सायकल मारताना सतत, वाटीच्या आत कुणी खडा ठेवल्यासारखा. घरी जाताना दुपारचा दर्यावरचा वारा समोरून यायचा. तेव्हा तर डोळ्यांत पाणी यायचं. आयने मुशीच्या काळजाचं तेल काढलं. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या तेलाचा वास ज्याला ठाऊक नाही तो सुखी आहे. आय ते रोज चोळायची आणि मी ते घेऊन रंगखात्यात उभा राहायचो, जिथे आधीच वाफेने नाक जळायचं. दोन्ही बाजूचे बिहारी कामगार मशीन सोडून लांब झाले. एक म्हणाला, "भैया, तुम आते हो तो लगता है जहाज आ गया." सुपरवायझरने वासाबद्दल काही म्हटलं नाही. त्याने मला चालताना पाहिलं आणि म्हणाला, "पाय ओढणारा माणूस मला ओल्या फरशीवर नको. पंधरवडा बघतो, नाहीतर तू मोकळा."

मी घरी काही सांगितलं नाही, पण दादाला कळायचं ते कळलं. जेवताना म्हणाला, "बस की घरी. पुनवेपर्यंत गुडगा बरा होईल. होडीवर पायडल नसतंय." मी ताट सरकवून उठलो. उठताना गुडघ्याने आवाज केला आणि तो हसला. त्या हसण्याचा हिशेब आमच्यात अजून व्हायचा आहे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी सायकल घेऊन अंगणात चकरा मारत होतो, कुठे दुखतं ते बघत. वैनी वलांडीखाली बोंबील उतरवत होती. टोपली खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"भावजी, तुमी सायकल चालवता का उकिडवं बसता?"

"म्हंजे काय?"

"वर पाय आला की गुडगा छातीला लागतोय तुमचा. उकिडवं बसायचं नि उटायचं, बसायचं नि उटायचं, थेट तारापूरपर्यंत. कोनाचा गुडगा ऱ्हाईल?"

"पाय पुरत नाय खाली. म्हून तं बोये बांदले."

"खाली पुरले. वर?"

मी थांबलो. ती टोपलीशेजारी बसली आणि तिने मला तिच्या लग्नानंतरची गोष्ट सांगितली, जी माझ्या डोळ्यांसमोर झाली होती पण मी कधी पाहिली नव्हती. आमची वलांडी आयच्या उंचीची होती असं नाही, आजीच्या उंचीची होती, आजी उंच. आयने ती तशीच वापरली होती, टाचा उंचावून. वैनी आल्यावर तिचा हात पोचेना, म्हणून तिच्यासाठी खाली एक दगड ठेवला. हात वर पोचला. पण आता मासळीची टोपली दगडाच्याही खाली गेली. प्रत्येक जोडीला ती दगडाएवढी जास्त वाकायची आणि पुन्हा वर ताणायची. महिन्यात कंबर धरली. शेवटी आयने स्वतः कोयता घेऊन सगळ्या दोऱ्या कापल्या आणि बांबू खाली उतरवून सुनेच्या हाताच्या मापाने बांधले. आमच्याकडे नव्या सुनेला वलांडीखाली हात वर करून उभी करतात आणि तिथे दोरी बांधतात, तो रिवाज आमच्या घरात तेव्हापासूनचा.

"तुमी दगडावर चडलाव भावजी," वैनी म्हणाली. "दगडाने वर दिलं ते खाली काडून घेतलं. तुमचं उलटं, खाली दिलं ते वर काडून घेतलंय. बोये सोडा. वलांडी उतरवा."

"सायकलला वलांडी कुटली?"

तिने वाकून पायडलाला धरलं आणि त्याला मधल्या दातेरी चाकाशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर आपली वीत ठेवली. "ह्यो दांडा. ह्यो बापाच्या पायाचा हाय."

त्या दांड्याला क्रँक म्हणतात हे मला सरावलीच्या वळणावर बसणाऱ्या रामसुमेर मिस्त्रीकडून कळलं. तो दिवसभर एका गोदामात हमाली करायचा आणि संध्याकाळी कामगारांच्या सायकली दुरुस्त करायचा. मी त्याला म्हटलं, मला छोटी क्रँक हवी. त्याने पंप खाली ठेवला. "ये साइकिल का नाप है भाई. बड़ी साइकिल, बड़ा क्रैंक. आदमी का नाप नहीं होता इसमें."

"चलाएगा तो आदमी ना?"

"बच्चे का क्रैंक लगाओगे तो लोग हँसेंगे."

"हसनेवाले का गुडगा दुखता नहीं," मी म्हटलं. मग किमतीवर आलो. माझ्याकडे द्यायला होतं ते सुके बोंबील. तो म्हणाला, हम नहीं खाते. घरवाले? कोई नहीं खाता. शेजारी? शेजारी खातात, पण मी त्यांच्यासाठी हमाली का करू? बरोबर होतं त्याचं. मी इकडेतिकडे बघितलं तर त्याच्या पेटीवर ताडगोळ्यांची सालं पडलेली दिसली. आमच्या वाडीत ताड होते. मग सौदा झाला: मी ताडगोळे आणायचे, आणि त्याने मला जुन्या सामानातली क्रँक बसवून द्यायची, पण एकदा बसवून मोकळं व्हायचं नाही, माझा गुडघा पसंत करीपर्यंत बदलून द्यायची. या शेवटच्या अटीवर तो बराच वेळ कुरकुरला. मी ती सोडली नाही. आयुष्यात मी बरेच सौदे केले, पण इतका चांगला क्वचितच.

त्याने बोये सोडले, क्रँक अडकवून ठेवणारी कॉटर पिन ठोकून काढली, बापाची क्रँक उतरवली आणि लहान मुलांच्या सायकलची चढवली, तिच्या छोट्या दातेरी चाकासकट, आणि चेन कापून आखूड केली. हाताशी धरली तर ती जुनीपेक्षा दोन बोटांहून जास्त आखूड होती. निघालो तेव्हा गुडघा इतका मोकळा वाटला की मला रस्त्यातच हसू आलं. ते पुलाच्या चढापर्यंत टिकलं. पाय शिवणाच्या मशीनसारखे भराभर फिरत होते आणि सायकल जागची हलत नव्हती. खाली उतरलो तर समोर वारा. पायडल मारावं तर पायाखाली काही लागतच नव्हतं. जोर लावायला दांडाच उरला नव्हता. घरी पोचलो तो सायकल हातात धरून.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशी भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "छोटा आप ही माँगे थे." मग आम्ही दोघांनी त्याचा डबा जमिनीवर उलटा केला आणि त्यातल्या क्रँका एकमेकींशेजारी लावून बघितल्या. एक मधली निघाली, कुठल्यातरी बारक्या सायकलची, जुनीपेक्षा एकच बोट आखूड. ती बसवली. चढ चढून गेलो. वाऱ्यातही पायाखाली जोर लागला. पण गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला, आणि मी पुन्हा भांडायला निघालो होतो, तेवढ्यात वैनीने मला दारातच अडवलं.

"बसा बगू सायकलवर. भिंत धरा." मी बसलो. ती मागे जाऊन उभी राहिली, मग बाजूला. "वर अजून चेपतोय गुडगा. सीट वर नाय घेतली?"

"सीट कशाला? पाय पुरतात आता."

"दांडा आकूड झाला, मंग खालचं पायडल वर आलं ना. तेवडी सीट वर घ्या की."

मी सीट एक बोट वर घेतली; पंजाने मारलं तर पाय खाली पुरत होता. तेव्हा मला सौदा कळला आणि मी भिंतीला धरून तसाच बसून राहिलो. दांडा एक बोट आखूड झाला की वरचं पायडल एक बोट खाली येतं. खालचं पायडल एक बोट वर येतं, म्हणून सीट एक बोट वर जाते. गुडघ्याला वरून एक आणि खालून एक, दोन बोटं जागा मिळते. एका बोटात दोन बोटं. बोयांनी मला फसवलं होतं ते बरोबर याच्या उलट. मी ते मोठ्याने सांगितलं. वैनी म्हणाली, "तुमाला सगळं बाजारातच समजतं," आणि बोंबील उतरवायला गेली.

हल्ली रविवारी चकचकीत टोप्या घातलेली तरुण मंडळी दर्याच्या रस्त्याने सायकली मारत येतात आणि नोकरी संपल्यावर मी टाकलेल्या या दुकानात मिलिमीटरमध्ये क्रँक मागतात. मोबाइलवर आकडा काढून आणलेला असतो. आकडा चुकीचा नसतो. सुरुवात करायला तो चांगला. मीही त्यांना भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं करतो आणि टाचेपासून जांघेपर्यंत पाय मोजतो, कारण उंचीवरून काही कळत नाही, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक. पण मग सायकल स्टँडवर चढवून त्यांना बसवतो आणि वैनी उभी राहिली तसा मागे आणि बाजूला उभा राहतो. वर आलेल्या पायाचा गुडघा पोटाशी भांडतोय का, बाहेर फाकतोय का. खाली गेलेल्या पायामागे कंबर कलतेय का. आणि मग त्यांना वाऱ्यात पाठवतो. परत आल्यावर ते किंमत कमी करा म्हणतात आणि मग खरी मजा सुरू होते.

पंधरवडा संपला तेव्हा गुडघ्याची सूज उतरली होती. तेल बंद केलं, मशीनवरची माणसं जवळ आली. सुपरवायझरने मला ओल्या फरशीवरून एकदा जायला सांगितलं आणि परत यायला सांगितलं, आणि पुढच्या पाळ्यांत माझं नाव राहिलं. पण कायम करण्याचं तो पावसाळा निघाल्यावरच बघणार होता. भर पावसात मी रोज गेलो. सीट वर गेल्यामुळे पाय जमिनीला टेकत नसत. थांबायचं तर उतरायचं, म्हणून मी थांबतच नसे. गुरं मध्ये आली की ओरडायचो. कुणी म्हणायचं, एवढा बुटका एवढ्या उंच सायकलवर बसतो कसा. मी उत्तर द्यायचो ते इथे लिहीत नाही.

नारळी पुनवेच्या सकाळी माझी पहिली पाळी होती. सुपरवायझरने आदल्या दिवशी सांगितलं होतं, मोठे साहेब पावसाळा निघायच्या आधीच, उद्या येताहेत, कायम करायची माणसं त्यांच्यासमोर उभी करायची आहेत, सणाचं कारण काढू नकोस. आमची सगळी आळी किनाऱ्यावर होती. होडीला नवा रंग, झेंडे, वैनीच्या हातात नारळाचं ताट. रस्ता तिथूनच जायचा. दादाने मला लांबून पाहिलं आणि रस्त्याच्या मधोमध येऊन हँडल धरलं. मला उतरावंच लागलं.

"कुटं?"

"पाळीला."

"तुजी पाळी होडीवर हाय. मानसं थांबलीत. जाळं उचल."

"गुडगा बरा झालाय. मी येत नाय."

"मी आळीत शब्द दिलाय."

"तुजा दिलास. माजा कुटं दिलास?"

मागे खलाशी ऐकत होते. त्यांच्यासमोर हे बोलणं दादाला लागलं. तो म्हणाला, "आन ती सायकल इकडं. बापाची हाय ती. पायी जा तुज्या कारखान्यात." आणि माझ्या हातातून काढून घेऊन तो तिच्यावर बसला.

त्याने बापाची सायकल मारावी तसा जोर लावला. पायाखाली तेवढं काही नव्हतंच. पायडल सटकन खाली गेलं, दुसरा पाय सुटला, हँडल वळलं. सावरून त्याने पुन्हा मारली. त्याचे लांब पाय बाहेर फाकलेले, गुडघे हँडलला आपटत होते. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तसाच वळला. त्याचा सगळ्यात म्हातारा खलाशी म्हणाला, "तांडेल, नवरदेवाला घोडं लान पडलं. लगीन मोडेल." सगळे हसले. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. त्या दिवशी तांडेलाला हसणं अशुभ, पण हसले.

दादा माझ्यासमोर येऊन उतरला. त्याने सायकलकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, सीट पाहिली, क्रँक पाहिली.

"कोनाची सायकल आनलीस ही?"

"बापाचीच."

"ही बापाची नाय," तो म्हणाला. मग वैनीकडे वळून पुन्हा म्हणाला, "ही बापाची नाय गं."

वैनीने ताट या हातातून त्या हातात घेतलं. "मंग सोडा ती," ती म्हणाली. "त्यांना उशीर होतोय."

त्याने हँडल सोडलं. मी रस्त्याकडेच्या दगडावरून सीटवर चढलो आणि मागे न बघता निघालो. साहेब येण्याच्या आत पोचलो. त्याच आठवड्यात मला कायम केलं. दादाला अजूनही वाटतं की त्या सकाळी त्याने मला सगळ्यांसमोर हिणवलं. 'ही बापाची नाय' या त्याच्या एका वाक्यासाठी मी त्याचा आजन्म ऋणी आहे. होडीच्या हिश्श्याचं वेगळं.